बांधाखालचा पाइप

ट्रॅक्टरमागचा रोटर मातीत कशाला तरी अडकला, कट्‌कन आवाज झाला आणि यमाजीच्या तोंडावर जे उडालं, तो चिखल नव्हता.

शेजारच्या भगवंतच्या संडासाचा पाइप होता. बांधाखालून गेलेला. नऊ माणसांचं घर, त्यात काल पुरणपोळी. यमाजी ट्रॅक्टरवरून उतरला आणि दोनदा ओकला.

“माती लोटा अन् गप बसा,” त्याची बायको तानूबाई नाकाला पदर लावून म्हणाली. “बांधाच्या भांडणानंतर आत्ता कुठं धड बोलाय लागलाय त्यो.”

“म्हणूनच सांगाय पायजे. दुसऱ्याचं मोडलं तर आपण भरून द्यायचं.”

अंगावरून ओघळणारा पुरावा घेऊनच तो भगवंतच्या ओट्यावर गेला.

भगवंत दोन पावलं मागं सरला. “राहू दे, भाऊ. मी बघतो उद्या.”

“न्हाई. माझ्या रोटरनं फुटला, मीच जोडणार.”

“मग फुटलाय तेवढाच जोड. पुढं उकरू नको. शोषखड्डा हाय तिकडं, लई घाण.”

यमाजीनं नवा तुकडा बसवला, बादलीभर पाणी ओतलं. ते सगळं सव्याज परत त्याच्या अंगावर आलं. आत शिरलेली माती पुढं कुठंतरी तुंबली होती. त्यानं कुदळ उचलली.

भगवंत पळत आला. “पुरे की राव! मी काय तक्रार केली का?”

“अर्धं काम टाकून मला घास गिळंल का?”

तानूबाईनं चहा आणला. भगवंतनं लांबूनच हात जोडले. “नको वहिनी, पित्त हाय.”

मंचरला गेला की हा माणूस पाच-पाच चहा ढोसायचा. यमाजीच्या दारात मात्र गेली दोन वर्षं त्याला पित्त होतं.

यमाजीनं आपल्या विहिरीच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, वर भगवंतचाही चहा संपवला. मळमळ जरा थांबली.

मग नाकाला उपरणं बांधून, मान खाली घालून तो उकरत सुटला. काळा राडा, वळवळत्या अळ्या, डोळ्यांतून पाणी. दहा फूट झाले, चाळीस झाले. शोषखड्डा काही येईना. भगवंत कधी सटकला, कळलंही नाही.

दिवस कलताना पाइपचं तोंड सापडलं. यमाजीनं तार घालून मातीचा बोळा ओढला. आत गुडगुडलं आणि तुंबलेलं सगळं धो धो सुटलं. भगवंतचं काम चोख झालं. समाधानानं यमाजीनं मान वर केली, तर ते त्याच्याच विहिरीत पडत होतं.