डाव्या चाकांची कड

टायरवाल्याने पुढच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला, मग मागच्यावरून, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

मुलाने वडिलांकडे पाहिलं. वडील छताकडे पाहत होते. तिथे टांगलेल्या जुन्या ट्यूबांशिवाय पाहण्यासारखं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मुलाने वडिलांकडून शब्द घेतला होता, गाडी रस्त्यावर काढायची नाही. चारही टायर त्याच्या जेमतेम महिनाभर आधी नवे कोरे घातलेले. मुलगा परगावी नोकरीला. वर्षातून दोनदा यायचा, अंगणात उभी गाडी बघायचा आणि निर्धास्त परत जायचा. या खेपेला सहज चाकाला हात लावला तर डावी बाजू गुळगुळीत. उभ्या गाडीचे टायर काही वाऱ्याने झिजत नाहीत.

तो संतापला. त्याने दोन दिवसांत गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाइकाची अट एकच, टायर बदलून द्या. घोडं अडलं ते तिथेच. या मापाचे टायर आता फारसे येत नाहीत, आणि येतात त्यांचा भाव ऐकून वाटावं की सोबत गाडीही देणार असतील. पहिल्या दुकानात मुलाने भाव दोनदा विचारून घेतला. दुसऱ्यात म्हणाले, मागच्याच आठवड्यात वाढलेत. तिसऱ्यात म्हणाले, पुढच्या आठवड्यात आणखी वाढतील. दर दुकानागणिक वडिलांचा चेहरा मात्र खुलत गेला.

"परवडायचं नाही रे आपल्याला," ते म्हणाले. "राहू दे विकायचं."

जन्मभर काटकसर केलेला माणूस महागाईवर खूश होताना मुलगा पहिल्यांदाच पाहत होता. म्हणून हे चौथं दुकान, जुन्या टायरांचं.

दारातल्या बाकावर आई बसली होती. तिला आता घरी एकटं ठेवता येत नाही. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "आलं का?" मुलगा म्हणायचा, "आलंच, आई." काय यायचंय ते त्याने विचारलं नव्हतं.

पिशवी लहानपणची नव्हती, पण धरण्याची तऱ्हा तीच होती. याच गाडीतून ते उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जायचे. पाच तासांचा रस्ता. मागच्या सीटवर तो आणि ताई, खिडकीवरून हाणामारी. शेवटी पाण्याची मोठी टाकी यायची आणि गाडी उजवीकडे वळायची. वळण आलं की आई पिशवीतून कंगवा काढायची. आधी ताई, मग तो, आणि मग गाडी चालवणारे वडीलसुद्धा. "माझ्या माहेरी असल्या अवतारात नाही यायचं," ती म्हणायची. वडील "अगं, समोरचं दिसत नाही" असं कुरकुरत मान वाकवायचे. परतताना त्याच टाकीपाशी गाडी डावीकडे वळायची, आणि मग कितीतरी वेळ आई खिडकीकडे तोंड करून बसायची. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आता मामा राहिले नाहीत, घर विकलं गेलं, त्या जागी कुणाचं तरी गोदाम आहे. ते दिवस आठवले की मुलाला अजूनही त्या सीटचा तापलेला वास येतो.

"बाबा, शब्द दिला होता तुम्ही," तो म्हणाला.

"पाळलाय."

"मग हे काय?"

"काका खरं बोलतायत," टायरवाला म्हणाला. "रस्त्यावर फिरलेली गाडी अशी झिजत नाही. हे बघा, डाव्या चाकांची बाहेरची कड पार गेलीय. गाडी नुसती उजवीकडे वळत राहिलीय. गोल गोल."

वडिलांनी छतावरची नजर खाली आणली.

"घरामागचा कारखाना बंद आहे ना, त्याच्या आवारात," ते म्हणाले. "वॉचमन आपल्या अंगणाकडचं फाटक उघडतो. मोकळं सिमेंट आहे, आडवं यायला कुणी नाही. उन्हं उतरली की तुझी आई पिशवी घेऊन दारात उभी राहते. माहेरी जायचंय म्हणते. काय सांगू तिला? मग बसवतो गाडीत. दुसऱ्या गिअरवर, उजवीकडे, उजवीकडे. कधी वीस फेऱ्या, कधी साठ. तिनं कंगवा काढला की थांबायचं. माझे केस विंचरते, उतरते, आणि घरात येऊन शांतपणे जेवते."

मुलाने आत्ता नीट पाहिलं. वडिलांचे उरलेसुरले केस शाळकरी पोरासारखे चापून बसवलेले होते. सकाळी त्यावरून त्याने त्यांची थट्टाही केली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. त्याने फोन बंद केला.

"चांगले चार काढा," तो टायरवाल्याला म्हणाला. "गाडी विकायची नाही."

टायरवाल्याने ढिगातून टायर ओढले, उजेडात धरून पारखले आणि बाजूला ठेवले. माणूस धंद्यातला, पण मनाचा चांगला.

"काका, एक करा," तो म्हणाला. "अर्ध्या फेऱ्या डावीकडे वळून मारत जा. सगळे सारखे झिजतील, वर्षभर तरी जास्त जातील."

वडिलांनी बाकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एकदा वळवली होती डावीकडे. ती रडायला लागली. म्हणाली, अहो, इतक्यात परत निघालो?"