आतून दिलेला हुकूम

पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगात सत्याऐंशी साली कॉम्प्युटर आला, अन् रघुनाथरावांची वंदना त्यावर कामाला लागली. एका दुपारी तिनं बापाला समजावलं, "बाबा, त्याच्यात एका सिस्टिमच्या पोटात दुसरी सिस्टिम चालते. आत बसून हुकमाच्या आधी उद्गारचिन्ह मारलं, का काम बाहेरची सिस्टिम करते."

रघुनाथराव हसले आणि संत्र्याच्या सावलीत खाटेवर आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच पंचफुला आली. वारल्यापासून बायकोची स्वप्नात येण्याची ही पहिलीच खेप. आंबिया बहाराची फुलं झाडांवरून आभाळाकडे गळत होती, आणि ती पदरात झेलत होती.

"आता मी इथंच राहतो," रघुनाथराव म्हणाले.

"अन् पोरीले कोण हाय तिकडं?"

"थांब, बाहेर सांगून ठेवतो." त्यांनी हवेत बोटानं ठसठशीत उद्गारचिन्ह काढलं आणि फर्मावलं, "मले कोणी उठवू नका!"

पंचफुला नुसती गालात हसली.

तोंडावर गार पाण्याचा लोंढा आला तसे रघुनाथराव ताडकन उठून बसले. "वंदे! कोणं सांगतलं तुले पाणी ओताले?"

रिकामी घागर धरून वंदना उभी होती. "बाबा, केव्हाची हलवून राहिली तुम्हाले! श्वासही लागत नोयता हाताले. तेवढ्यात कानाशी आई खेकसली, 'पाहून काय राहिली? ओत घागर त्यायच्या डोक्यावर!'"

रघुनाथरावांनी मिशांवरचं पाणी पुसलं.

"तिथंही माहं काही चालू देत नाई ही बाई!"