कलिमुद्दिनची मुलगी

सोमवारी न्यायाधिकरणात जयगुन परदेशी ठरणार होती. वडील कलिमुद्दिन यांचं नाव सहासष्ट सालच्या मतदारयादीत होतं, पण ती त्यांचीच मुलगी असल्याचा कागद कुठेच नव्हता. वकील म्हणाले, "तुला लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेला एक तरी माणूस आण, नाहीतर न्यायाधिकरणातूनच तुला छावणीत नेऊन डांबतील."

ती ब्रह्मपुत्रा ओलांडून, वडिलांना ओळखणाऱ्या थानेश्वरच्या अंगणात जाऊन बसली. म्हातारा सुपारी कातरत होता.

"एवढा मुलूख सोडून माझ्याच दारात आलीस?"

"आमच्या वस्तीत कोणाला मागे ठेवलंत का, काका? त्र्याऐंशीच्या त्या सकाळी एकूणएक माणूस कापलात तुम्ही लोकांनी. आता विचारू कुणाला?"

अडकित्ता थांबला. "तिथे मला काय काय विचारतील, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"आणि मी म्हटलं, हिला ओळखत नाही, तर?"

"तर तुम्ही घरी जाल आणि मी छावणीत."

सोमवारी म्हातारा आला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या कत्तलीच्या वेळी ही सहा वर्षांची होती, आता चाळिशी उलटलीय. ही कलिमुद्दिनचीच मुलगी कशावरून?"

थानेश्वर उठला आणि त्याने जयगुनला डोक्यावरचा पदर बाजूला करायला सांगितलं.



"बाप हिला पाठीवर घेऊन पळत होता, साहेब. मानेवरचा हा वार माझा आहे. नीट बसला नाही, म्हणून ती इथे उभी आहे."