हाडांची पेटी

"एर्मेलिंदाबाई, ही पेटी पुरायची नाही," कुस्तोदियो भिंतीतल्या थडग्यातून डोकं बाहेर काढत म्हणाला. तो दफनभूमीचा राखणदार.

पेटी तिने रीतीप्रमाणेच आणली होती. भाड्याने घेतलेल्या थडग्याची मुदत संपली की ते रिकामं करायचं, माणसाची हाडं पुसून पेटीत भरायची आणि चर्चमध्ये नेऊन ठेवायची. पण आत हाडं नव्हतीच. अख्खा अन्सेल्मो होता, तिचा नवरा. कातडी सुकून तपकिरी झालेली, मिशी मात्र जागच्या जागी.

गाव धावत आलं. हेच गाव त्याला दारुडा म्हणायचं. संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांची कातडी पेंढा भरून उभी करता करता त्याचे हात थरथरू लागले, केस गळाले, तळव्यांना भेगा पडल्या. तो गेला तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख डॉक्टर उरुएता बिनदिक्कत म्हणाले, "दारूने गेला." थेंबालाही न शिवलेल्या माणसाला! मग पाद्रीबुवांनीही त्याला नाल्याकडेच्या भिंतीतली, बदनाम माणसांची जागा दिली.

आता तेच पाद्रीबुवा गुडघे टेकून बसले होते. "देह कुजला नाही. संत आहे हा. आपण सगळ्यांनी याच्यावर अन्याय केला, बाई."

बायकांनी मेणबत्त्या पेटवल्या. डॉक्टर उरुएतांनीही हॅट काढली आणि एक मेणबत्ती मागून घेतली. मेल्या माणसाला संत म्हणायला कुणाचं काय जातं?

एर्मेलिंदाने नुसती मान हलवायची होती. नवऱ्याच्या नावावरचा डाग कायमचा धुतला गेला असता. ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. याच बोटांनी तो त्या कातड्यांना आतून सोमलाचा साबण चोळायचा. सोमल म्हणजे विष, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून ती एकदा हातमोजे मागायला गेली होती. डॉक्टर हसले होते. "मोज्यांनी पिसं मोडतात, बाई. आणि साबणाची करामत तर बघा. शंभर वर्षं किडा शिवणार नाही."

तिने डॉक्टरांच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि फुंकून विझवली.

"उठा सगळे," ती म्हणाली. "किडा शिवला नाही म्हणून हा संत होय? मग आधी या डॉक्टरांच्या कपाटातल्या पोपटांपुढे मेणबत्त्या लावा."