साफ केलेली धून

माझ्या दादाने घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी धून वाजवणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो तेव्हाच्या रीतीप्रमाणे आवाजाच्या रूपात कॅसेटवर ठेवला होता. दादाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. आई हल्ली म्हणते, "चेहरा डोळ्यांसमोर असतो गं, आवाज मात्र काही केल्या आठवत नाही." निदान धून तरी तिला ऐकवावी म्हणून मी ती कॅसेट जुनं सॉफ्टवेअर जमवून सगळ्यांना वाटणाऱ्या एका गृहस्थांकडे पाठवली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "ताई, जमलं बरं का. टेपरेकॉर्डरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली कॉपी दिसते, मधेच खोलीतला आवाज शिरला होता, म्हणून चालत नव्हती. तेवढा कापला. धून आमच्या ग्रुपवर टाकलीय, मंडळी खूश आहेत."

"कॅसेट परत पाठवाल?"

"पट्टीवरचा लेप वाचतानाच झडून गेला, आता ती कोरीच समजा. कापण्याआधीची कच्ची फाइलही पुसून टाकली."

"खोलीतला आवाज कसला होता?"



"काही विशेष नाही हो. कुणी मुलगा म्हणत होता, 'आई, दार लाव ना, रेकॉर्डिंग चालू आहे.'"