दुसरी प्रत

बदलांच्या नोंदींत चौथ्यांदा बायकोचं नाव दिसलं, तसा त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

काम साधं होतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक माहितीपुस्तिका होती आणि तिच्यात जुन्या लेखांच्या लिंक होत्या. ते लेख ज्या साइट्सवर होते, त्या केव्हाच बंद पडल्या होत्या. प्रती तेवढ्या एका अर्काइव्हने जपून ठेवल्या होत्या. आता अर्काइव्हनेच पत्ते बदलले आणि दोनशे लिंक एका झटक्यात मेल्या. "कामाच्या आहेत त्या जिवंत कर, बाकीच्या उडव," मॅनेजरबाईंनी सांगितलं होतं.

ही लिंक त्या हुशार माणसाच्या लेखाची होती. हा बायकोचा आधीच्या नोकरीतला साहेब. देखणा, जिभेवर साखर. "त्याच्यासारखं समजावून सांगणं कुणाला जमत नाही," असं ती चारचौघांत म्हणायची आणि नवऱ्याच्या तोंडात घास फिरायचा. बदलांच्या नोंदी बोलत होत्या. साइट बंद पडली तेव्हा तिने लिंक अर्काइव्हकडे वळवली होती. पुस्तिकेची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ती पुन्हा जोडली होती. दुसऱ्या एकाही लिंकसाठी तिने बोट हलवलं नव्हतं. नवऱ्याचा वाढदिवस मात्र तिला मोबाइलने आठवून द्यावा लागायचा.

ती आता याच कंपनीत होती. दुपारी कँटीनमध्ये त्याने तिच्याकडे विषय काढला. "तुझ्या त्या गुरुजींची लिंक काढतोय."

ती जेवता जेवता थांबली. "नको ना काढूस."

"का? त्यातलं सगळं आपल्या पुस्तिकेत आलंय."

"शेवटपर्यंत वाचलंस का तू ते?"

"त्याचं लिखाण मी कशाला वाचू?"

"मग काढ," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

तो तणतणत जागेवर आला. अर्काइव्हमध्ये लेखाच्या दोन प्रती होत्या. एक लेख आला त्या दिवसाची, दुसरी पाच महिन्यांनंतरची. बायकोने जोडलेली लिंक दर वेळी दुसऱ्या प्रतीकडेच जात होती. म्हणजे मागाहून त्याने काहीतरी घातलं असणार. तिचे आभार. किंवा त्याहून जास्त काही.

त्याने दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. कान्यामात्रेचाही फरक नव्हता. दुसऱ्या प्रतीत लेखाखाली एका वाचकाचा प्रश्न तेवढा जास्त होता. 'दहा वेळा वाचलं, सगळं डोक्यावरून जातंय. हे आल्याशिवाय नोकरी मिळणार नाही. कुणी सोपं करून सांगेल का?'

साहेबाने उत्तर दिलं नव्हतं. तिने दिलं होतं. 'लाजू नका. मलाही आधी कळलं नव्हतं. दुसऱ्या उदाहरणापासून वाचा. अडलात तर पुन्हा विचारा, मी रोज इथे बघते.'

रोज! हा आणखी कोण उपटसुंभ? त्याने पान वर सरकवलं आणि प्रश्नावरचं, विचारणाऱ्याचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

नाव त्याचंच होतं. तारीख त्याची नि बायकोची ओळख झाली त्याच्या दोन वर्षं आधीची. बेकारीच्या त्या दिवसांत त्याने असे शेकडो प्रश्न ठिकठिकाणी टाकले होते. एकही त्याच्या लक्षात राहिला नव्हता.

तिच्या राहिला होता.