खिडकीतली बरणी

करवंदांचा मुरब्बा उजेडात राहिला की त्याची लाली उडून तो तपकिरी पडतो, हे अड्याळच्या मंदाबाईला चांगलं ठाऊक होतं. पण एकोणऐंशीच्या हिवाळ्यात खिडकीत विसरलेल्या काचेच्या बरणीतला मुरब्बा दिवसेंदिवस लालभडक होत चालला.

संशय धाकट्या जावेवर गेला.

"बेबी, तू यात ताजा मुरब्बा भरून राहिली का?"

"मी कायले भरू, बाई? करवंदं तर उन्हाळ्यातच सरली."

मंदाबाईनं झाकणावर फडकं बांधून लाख लावली. आठवड्यानं लाख जशीच्या तशी होती. आतली करवंदं मात्र हिरवी झाली होती.

"आता तरी पटलं का?" बेबीनं हळूच विचारलं.

मंदाबाईनं लाख फोडून एक करवंद उचललं. पाकात शिजलेल्या त्या फळाला देठ आला होता, आणि देठातून पांढरा चीक तिच्या बोटावर ओघळत होता.